फाइलीचे नाव आणि फाइलीचे स्वरूप

संगणकावरील फाइल वेषांतर करते, असे सामान्यतः म्हटले जाते. वस्तुतः फाइल काहीच करीत नाही. ती दाखविणारी व्यवस्था काही गोष्टी आपल्या दृष्टीआड ठेवते आणि फसविणाऱ्यास तेवढी सोय पुरते. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या उपद्रवी प्रोग्रॅमचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगे आहे.

ईमेलला जोडून आलेल्या त्या फाइलीचे संपूर्ण नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' असे होते. शेवटच्या बिंदूपुढील प्रत्यय, ज्यास एक्स्टेन्शन म्हणतात, तो येथे 'व्हीबीएस' होय. म्हणजे ही फाइल वाचावयाची नसून चालविली जाणारी होती. परंतु परिचित एक्स्टेन्शने दाखवू नयेत, अशी विंडोज ९५ पासूनची मूळ मांडणी असल्यामुळे अनेकांना ते नाव 'टीएक्सटी'पाशीच संपलेले दिसले. खरे पाहता, जेथे एक्स्टेन्शने दिसतच नाहीत तेथे 'टीएक्सटी' दिसावे, हीच विसंगती होती. पण जे एरवी दिसत नाही त्याच्या दिसण्याने किती जणांना संशय येणार?

या प्रोग्रॅमने जेपीजी चित्रे नष्ट करून त्यांच्या जागी स्वतःच्या प्रती ठेवल्या. एमपी३ फाइली मात्र त्याने पुसल्या नाहीत. त्यांवर 'हिडन' ही खूण केली आणि त्याच नावापुढे 'व्हीबीएस' जोडून आपली प्रत शेजारी ठेवली. गाणी गेली असे मालकाला वाटावे, आणि ती तर तेथेच असावीत! यावरून 'हिडन' ही खूण म्हणजे कुलूप नव्हे, हे उघड होते. युनिक्समध्ये तर ही प्रथा अनवधानातूनच जन्मली, असे रॉब पाइक यांनी सांगितले आहे: 'एलएस' या आज्ञेने '.' आणि '..' या दोन नोंदी वगळाव्यात एवढाच मूळ हेतू होता. पण नावाचे केवळ पहिले चिन्ह तपासले गेल्याने बिंदूने आरंभ होणारे प्रत्येक नाव अदृश्य झाले.

फाइलीचे स्वरूप तिच्या अंतरंगातच शोधावे लागते. पीएनजी चित्राचा पहिला बाइट १३७ असतो व त्यापुढे 'पी', 'एन', 'जी' ही अक्षरे येतात; नाव काहीही ठेवले तरी ती बदलत नाहीत. झिप फाइल 'पीके' या अक्षरांनी, म्हणजे फिल कॅट्झ यांच्या आद्याक्षरांनी, सुरू होते. अर्थात वर्डची डॉक्स फाइलही तशीच सुरू होते, कारण तीही मूलतः झिपच आहे; तेव्हा आरंभ पाहूनही थांबता येत नाही. पोथीच्या वेष्टनावरील नाव वाचून ग्रंथनिश्चय करणाऱ्यास आपण अभ्यासक म्हणणार नाही. संगणक वापरणाऱ्याकडून मात्र आपण तेच करवून घेतो आणि तो फसल्यावर त्याला असावध ठरवितो.

नाव बदलताना एक्स्टेन्शन चुकून पुसले जाऊ नये म्हणून ते झाकावे, या समर्थनात तथ्य आहे. तथापि ते दाखवूनही बदलापासून जपता आले असते. विंडोज ११ मध्येही मूळ मांडणी तीच आहे. 'व्ह्यू'मधील 'शो'खाली जाऊन ती बदलण्याचे काम वापरणाऱ्यावरच सोपविलेले आहे.