कॅमेऱ्याच्या घड्याळाचं करायचं काय?

फेब्रुवारीत विभागाच्या चर्चासत्रात मी एक विधान केलं होतं. एकच दशावतारी नाट्यमंडळ, एकाच मोसमात, दोन आठवड्यांच्या अंतराने, एका गावात संकासुराचा प्रवेश भरपूर रंगवतं आणि दुसऱ्या गावात तोच प्रवेश झटपट उरकतं. म्हणजे आडवा दशावतार ‘आक्रसत चालला आहे’ असं जे सरसकट म्हटलं जातं ते बरोबर नाही. तो गाव बघून ताणला किंवा आवळला जातो. पुरावा म्हणून दोन व्हिडिओ दाखवले. एकावर तारीख २० जानेवारी २००५, दुसऱ्यावर ४ फेब्रुवारी २००५.

विधान कदाचित खरं असेलही. पण माझा पुरावा खोटा होता.

चर्चासत्रानंतर दुसरा व्हिडिओ पुन्हा हेडफोन लावून ऐकत होते. संकासुर गेल्यावर, प्रेक्षकांत कुणाचातरी मोबाईल वाजतो. रिंगटोन आहे ‘अप्सरा आली’. ‘नटरंग’ प्रदर्शित झाला १ जानेवारी २०१० रोजी. २००५ च्या जत्रेत ते गाणं वाजणं शक्य नाही.

तर ही पोस्ट त्या चुकीबद्दल आहे. आणि ती दुरुस्त करायला बसल्यावर जे सल्ले आणि जी साधनं हाताशी आली त्यांच्याबद्दलही, कारण त्यातली बरीच माझ्यासारख्या माणसाला दुसऱ्या चुकीकडे नेतात असं माझं मत झालं आहे.

आधी तारीख फाइलमध्ये कुठे असते ते बघू. माझ्याकडचा संग्रह सिंधुदुर्गातल्या एका काकांचा आहे. साठेक मिनीडीव्ही कॅसेट आणि नंतरच्या काही वर्षांच्या हार्डडिस्कवाल्या कॅमेऱ्याच्या फाइल्स. मिनीडीव्हीची गंमत अशी की तिथे तारीख फाइलला नसते, प्रत्येक फ्रेमला असते. पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, एक फ्रेम १,४४,००० बाइटची. त्या बाइट्समध्ये चित्र आणि आवाजासोबत दोन छोटी पाकिटं असतात, एकात चित्रीकरणाची तारीख, दुसऱ्यात वेळ. वर्षाचे फक्त शेवटचे दोन अंक. शिवाय टाइमकोड वेगळा. टाइमकोड म्हणजे टेप किती पुढे सरकली याचा हिशेब, त्याचा घड्याळाशी संबंध नाही. या दोन गोष्टींची गल्लत भलेभले करतात. मीही केली होती.

कॅसेट फायरवायरच्या वायरने संगणकात उतरवली तर ही पाकिटं जशीच्या तशी येतात. पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही वायरने उतरवली तर फक्त चित्र आणि आवाज येतो, बाकी सगळं गळून जातं. काकांच्या कॅसेट एका स्टुडिओत उतरवल्या होत्या, त्यातल्या निम्म्याशिम्म्या दुसऱ्या पद्धतीने. त्यांतल्या तीन कॅसेटच्या वेळी मात्र कॅमेऱ्यातलं ‘डेट डिस्प्ले’ कुणीतरी चालूच ठेवलं होतं, त्यामुळे कोपऱ्यात तारीख छापून आली आहे. व्हिडिओ बघताना ती डोळ्यांत खुपते. मला त्या तीन कॅसेट सगळ्यात लाडक्या.

पुढच्या पिढीच्या, म्हणजे एव्हीसीएचडीच्या एमटीएस फाइल्समध्ये तारीख व्हिडिओच्या प्रवाहातच खोचलेली असते, आणि तिच्याबरोबर टाइमझोनही असू शकतो. एमपी४ मध्ये मात्र फाइलच्या मथळ्यात एक आकडा असतो: १ जानेवारी १९०४ च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले. हा आकडा जागतिक वेळेत लिहायचा असा नियम आहे. अनेक कॅमेरे तो पाळत नाहीत आणि मनगटावरची वेळ तशीच लिहून टाकतात. मग बघणारं सॉफ्टवेअर नियमाप्रमाणे त्यात आपले साडेपाच तास मिळवतं आणि रात्री साडेअकराचं नाटक पहाटे पाचचं होतं. लग्नाच्या व्हिडिओत ही चूक लगेच कळते, भर दुपारच्या पंगती संध्याकाळी बसलेल्या दिसतात. दशावतार रात्रभर चालतो. पहाटे पाच म्हणजे दहीकाल्याची वेळ, सगळं कसं बरोबर वाटतं!

आता नेहमीचा सल्ला. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असेल तर एका प्रसंगाची खरी वेळ शोधा, फरक काढा, आणि तो फरक सगळ्या फाइल्सना एकदम लावा. एक्झिफटूल हे काम एका ओळीच्या आज्ञेत करतं. एक्झिफटूलबद्दल मला आदरच आहे. तारखा वाचण्याच्या बाबतीत ते इतकं बारकाईने काम करतं की एमटीएसच्या पोटातला टाइमझोनही काढून दाखवतं. एका दिवसाचा समारंभ, दोन कॅमेरे, त्यातला एक सात मिनिटं मागे. अशा ठिकाणी हा सल्ला उत्तम.

पण या सल्ल्यात एक गृहीतक लपलेलं आहे: घड्याळ चुकीचं असलं तरी ते एकच घड्याळ आहे. सुरुवातीला चुकीचं लावलं, मग सरळ चालत राहिलं. क्वार्ट्झ घड्याळ थोडं पुढे-मागे होतं हे सोडा. दहा लाखांत वीस भागांची चूक धरली तर वर्षाला दहाएक मिनिटं. माझ्या कामाला दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसऱ्याच गोष्टीने.

कॅमकॉर्डरमध्ये घड्याळ चालू ठेवायला एक छोटी आतली बॅटरी असते. कॅमेरा वापरात असला की ती चार्ज होते. अनेक हँडीकॅमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की साधारण तीन महिने कॅमेरा नुसता पडून राहिला तर ही बॅटरी उतरते. आता कोकणातलं वर्ष डोळ्यासमोर आणा. जत्रांचा मोसम कार्तिकात सुरू होतो आणि पाऊस जवळ आला की संपतो. जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटात, बुरशी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. म्हणजे दर पावसाळ्यात घड्याळ मरतं आणि दिवाळीच्या सुमारास, चार्जरला लावलं की, पुन्हा जन्माला येतं. काही कॅमेरे अशा वेळी तारखेची जागा रिकामी ठेवतात. काकांचा कॅमेरा कारखान्यातली तारीख पुढे करायचा, १ जानेवारी २००५, आणि विचारायचा: बरोबर? काका ओके दाबून मोकळे. मी विचारलं तर म्हणाले, “अगो, घड्याळाकडे कोण बघता? बॅटरी टिकली म्हणजे झाला.”

म्हणजे माझ्याकडे एक चुकीचं घड्याळ नव्हतं. दर मोसमाला नवं घड्याळ होतं, आणि प्रत्येकाची सुरुवात त्याच १ जानेवारी २००५ ला. तारखेनुसार फाइल्स लावल्या की चार-पाच वर्षांचे मोसम एकमेकांत पत्त्यांसारखे पिसले जातात. २० जानेवारी आणि ४ फेब्रुवारी यांच्यात पंधरा दिवसांचं अंतर आहे असं मी म्हटलं, तेव्हा मी दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी करत होते. आणि त्या सगळ्यांना एकच फरक लावून ‘दुरुस्त’ केलं असतं तर? पिसलेले पत्ते तसेच राहिले असते, फक्त २००५ च्या जागी दुसरं, जास्त पटण्यासारखं वर्ष आलं असतं. १ जानेवारी २००५ बघून निदान शंका तरी येते. दुरुस्त झालेल्या तारखेवर कोण शंका घेतं?

पहिल्या व्हिडिओचं पुढे असं झालं. कॅसेटच्या वेष्टनावर काकांच्या अक्षरात ‘त्रिपुरारी’ एवढंच लिहिलेलं. साल नाही. पण त्याच कॅसेटवर, टाइमकोडनुसार नाटकाच्या आधी घरातलं एक बारसं आहे आणि नंतर एक साखरपुडा. या दोन्हींच्या तारखा काकूंना तोंडपाठ. त्या दोघांच्या मध्ये त्रिपुरारी पौर्णिमा एकच येते, २४ नोव्हेंबर २००७. आता कॅमेऱ्याचं म्हणणं पुन्हा ऐका: २० जानेवारी, म्हणजे जन्मानंतर एकोणीस दिवस. २४ नोव्हेंबरातून एकोणीस वजा केले की ५ नोव्हेंबर. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ९ नोव्हेंबरला होतं. दिवाळीच्या तोंडावर कॅमेरा कपाटातून काढून चार्जिंगला लावला असणार. चुकीची तारीख किती उपयोगाची आहे बघा! ती पुसली असती तर हा ताळा घेताच आला नसता.

(पंचांगाचा आधार सगळीकडे चालत नाही. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. तिथे त्या वर्षीची वर्तमानपत्रंच शोधावी लागतात. आणि रात्रीच्या नाटकाला एक तारीख देणं हाही वादाचाच विषय; मी ‘२४-२५ नोव्हेंबर’ असं लिहायला लागले आहे.)

दुसऱ्या व्हिडिओला एवढं सुदैव नाही. रिंगटोनमुळे तो २००९ च्या अखेरीच्या आधीचा नाही हे नक्की. काकांचा टेपचा कॅमेरा मे २०१० मध्ये कायमचा बंद पडला. म्हणजे डिसेंबर ते मे यांच्या मधली कुठलीतरी रात्र. यापुढे मला जाता येत नाही.

साधनांवरचा माझा खरा आक्षेप इथेच आहे. ‘डिसेंबर २००९ ते मे २०१०’ हे उत्तर फाइलमध्ये लिहायला जागाच नाही. १९०४ पासूनचे सेकंद मोजणाऱ्या रकान्याला एक आकडा हवा, पूर्ण सेकंदापर्यंत. एफएफएमपेगने नवी तारीख घालायची म्हटलं तरी दिवस, तास, मिनिटं सगळं द्यावं लागतं. मग लोक काय करतात? १ जानेवारी, दुपारी बारा. म्हणजे कॅमेऱ्याने जी थाप मारली तीच आपण शिकून-सवरून मारायची. ज्या कामाला दुरुस्ती म्हणतात त्यात माहिती किती पक्की आहे हे नोंदवायची सोय नसेल तर ती दुरुस्ती म्हणजे एका अंदाजावर दुसरा अंदाज चढवणं.

आणि मागमूस राहत नाही हे दुसरं. दुबईहून आलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याच्या बाबतीत हे भोगलं. तो कॅमेरा काकांच्या भावाने पाठवला, घड्याळ तिकडेच लावलेलं, दीड तास मागे. मूळ एमटीएस फाइल उघडली तर वेळेपुढे दुबईचा झोन, अधिक चार तास, स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे घड्याळ बरोबरच होतं, आपण वाचायला चुकत होतो! पण घरातल्या एका हुशार पुतण्याने मधल्या काळात त्या फाइल्सच्या एमपी४ केल्या, दीड तास पुढे सरकवले, आणि एक्झिफटूल आपणहून जी मूळ प्रत बाजूला ठेवतं ती जागा खाते म्हणून उडवली. त्यातही सगळ्या फाइल्स केल्या नाहीत, कंटाळला तिथे थांबला. आता कुठल्या एमपी४ मध्ये दीड तास मिळवलेला आहे आणि कुठल्यात नाही, हे एमपी४ बघून कळत नाही. मूळ एमटीएस एका जुन्या डिस्कवर अर्ध्याच उरल्या आहेत. बाकीच्यांसाठी मी पूर्वेकडे उजाडायची वेळ बघत बसते. जानेवारीत तिकडे सूर्योदय सातच्या आसपास. फाइल साडेपाच म्हणते आणि मंडपामागच्या माडांवर ऊन आलंय, तर तिला पुतण्याचा हात लागलेला नाही.

त्या मानाने डीव्हीरेस्क्यू हे साधन मला जास्त समंजस वाटलं. ते मिनीडीव्हीच्या फाइलमधली फ्रेमन् फ्रेम वाचतं आणि कुठे चित्रीकरणाची वेळ उडी मारते, कुठे टाइमकोड तुटतो, याचा अहवाल वेगळ्या फाइलमध्ये देतं. बॅटरी बदलताना घड्याळ परत १ जानेवारीला गेल्याच्या जागा मला त्यातच दिसल्या. पण ते फक्त डीव्हीसाठी, आणि अहवाल वाचायला बसणं हे एका आज्ञेत तारीख बदलण्याइतकं सुखाचं नाही.

मी सध्या काय करते ते सांगते. फाइलला हात लावत नाही. प्रत्येक फाइलशेजारी त्याच नावाची एक साधी मजकूर-फाइल ठेवते. तिच्यात चार ओळी: कॅमेरा काय म्हणतो, मी काय म्हणते, कशावरून, आणि अलीकडची-पलीकडची हद्द. तारखा ईडीटीएफ नावाच्या पद्धतीने लिहिते, जी २०१९ पासून आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागात आहे. तिच्यात ‘अमुक ते तमुक’ किंवा ‘बहुधा’ असं लिहिता येतं. तोटा उघड आहे. कुठलंही व्हिडिओ प्लेअर ही फाइल वाचत नाही, आणि कुणी फक्त व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन गेलं की माझं सगळं म्हणणं मागे राहतं. गाइडचं म्हणणं आहे की निदान वापराच्या प्रतीत तरी तारीख बदलावी, नाहीतर पुढचा विद्यार्थी माझ्यासारखाच फसेल. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. वापराच्या प्रतीच्या फाइलनावात मी हद्द लिहायला लागले आहे, मथळ्यातला आकडा मात्र तसाच ठेवते.

आणि आपल्या लोकांबद्दल एक. लोककलांवरच्या प्रबंधांत संदर्भ असा येतो: ‘खासगी ध्वनिचित्रफीत, २००५’. हे २००५ कुणी सांगितलं? वेष्टनाने, कॅमेऱ्याने, फाइलच्या ‘डेट मॉडिफाइड’ने, की कलाकाराच्या आठवणीने? माझ्या स्वतःच्या एका छापील लेखात असे दोन संदर्भ आहेत, आणि त्यातल्या एका सालाचा उगम मला आता सांगता येत नाही. संपादकांना कळवलं आहे.

चर्चासत्रातलं विधान मागे घेतलं आहे. दोन व्हिडिओंमध्ये आता पंधरा दिवस नाहीत, दोन वर्षांहून जास्त काळ आहे, आणि मधल्या काळात मंडळात संकासूर करणारा नट बदलला होता का, हा प्रश्न उभा राहतो. मंडळाच्या जुन्या मालकांकडे जत्रांच्या हिशेबाच्या वह्या आहेत असं कळलंय. पुढच्या महिन्यात जाणार आहे.