जपणे आणि वाटणे



आपल्या वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच गावी लावला आहे. चौथ्या शतकात इथल्या वाकाटक राजा सर्वसेनाने, श्रीकृष्णाने पारिजातक आणल्याच्या कथेवर ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. आज ते मिळत नाही. पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी आपल्या ग्रंथांत घेतले तेवढेच उरले. रचणारा राजा, विषय साक्षात हरी, तरी काव्य गेले. देहूच्या वाण्याचे अभंग मात्र राहिले, कारण ते लोकांच्या मुखी होते.

मग पाठ केले की झाले, असे आपण म्हणू. पण हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे ‘काव्येतिहाससंग्रह’ सांगतो. १८७८ साली काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी पुण्यात हे मासिक काढले. जुन्या दप्तरांत पडलेल्या बखरी, पत्रे, मराठी आणि संस्कृत कविता त्यांनी छापल्या. ‘भाऊसाहेबांची बखर’ लोकांच्या हाती आली ती यातूनच. पानिपतावर कोरडा अभिमान मिरवण्यापेक्षा मूळ कागद वाचकापुढे ठेवणे, ही या मासिकाची थोरवी.

उणीवही सांगितली पाहिजे. बखरीत सरदार दिसतात, मोहिमा दिसतात. त्यांच्या घोड्यांना दाणा पुरवणारा कुणबी दिसत नाही. दप्तर ज्याच्या घरी, इतिहास त्याचा. संपादक प्रामाणिक होते, पण हाती आलेल्या कागदाची मर्यादा त्यांच्या संग्रहालाही पडली. ज्यांच्याकडे दप्तर नव्हते त्यांचा इतिहास ओवीत, अभंगात आणि भजनाच्या वहीत राहिला.

आता आपल्या जिल्ह्यातले कारंजा पाहा. तिथल्या जैन भांडारांनी हस्तलिखिते शतकानुशतके जिवापाड जपली. पण पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य ‘जसहरचरिउ’ कारंजा ग्रंथमालेतून १९३१ साली छापले गेले, तेव्हा कुठे ते दूरच्या अभ्यासकापर्यंत पोहोचले. जपणे हे पुण्य खरे, पण वाटल्याशिवाय ते पुरे होत नाही. प्रसादाचेही तसेच नाही का?

म्हणून वाचकहो, एक विनंती. रिसोड, मंगरूळपीर, मानोऱ्याच्या खेड्यांत जुन्या विणेकऱ्यांच्या, टाळकऱ्यांच्या हातच्या वह्या असतील. म्हातारा गेला की वही नदीत सोडू नका. त्यात अभंगाचा पाठभेद असेल, चालीची खूण असेल, दिंडीच्या मुक्कामांची नोंद असेल. वहीची नक्कल करा. वर गाव, लिहिणाऱ्याचे नाव आणि साल घाला, मगच ती चार जणांना द्या. अक्षर वेडेवाकडे असले तरी ते सुधारू नका. जसे आहे तसेच उतरवा.

सर्वसेनाचे काव्य आता परत आणता येणार नाही. वळचणीला खोचलेली वही अजून हाताशी आहे.

रामकृष्ण हरी.