कंपूचा दोष कोणता? : १८०३ च्या कवायती पायदळाविषयीच्या एका रूढ मताचे परीक्षण

मराठ्यांच्या लष्करी ऱ्हासाविषयी एक मत आपल्याकडे फार दिवस रूढ आहे. मराठ्यांनी गनिमी कावा सोडला, परक्या धर्तीचे कवायती पायदळ उभारले आणि जे आपल्या हाडीमासी नव्हते त्याच्यावर विसंबून राज्य घालविले, असा त्या मताचा सारांश होय. या मताला खुद्द विजेत्यांचाच आधार आहे. शिंद्यांनी पायदळाऐवजी हलक्या घोडदळावर भिस्त ठेवली असती तर ते कंपनीला अधिक जड गेले असते, अशा आशयाचा अभिप्राय आर्थर वेलस्ली व टॉमस मन्रो यांनी दिलेला आहे. मराठी लेखकांनी तो अभिमानाने उचलला, कारण त्यात पराभवाचे दुःख असले तरी शिवकालाचा गौरवही आहे. प्रस्तुत लेखात या मताची छाननी करावयाची आहे.

या छाननीसाठी वऱ्हाडाइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आणि २९ नोव्हेंबर १८०३ ची आडगावची लढाई ही दक्षिणेतील त्या युद्धाची दोन मुख्य पर्वे. नकाशावर या दोन गावांना जोडणारी सरळ रेघ ओढली, तर ती बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजा या गावाच्या आसपासून, आणि तेही जवळजवळ मध्यावरून, जाते. (वेलस्लीचे सैन्य ज्या उताराने कैलना नदी पार झाले त्याजवळचे पिंपळगाव हे नव्हे, नामसाम्यामुळे गफलत होऊ नये.) नैर्ऋत्येस घाटावर कवायती पायदळाची कसोटी, ईशान्येस पूर्णेच्या खोऱ्यात उरल्यासुरल्या फौजेचा मोड, आणि मधल्या मुलुखाचे भवितव्य त्या दोहोंवर टांगलेले, अशी ही स्थिती होती.

प्रथम हे पायदळ होते कसे, ते पाहू. सॅव्हॉय प्रांतातील डी बॉयन १७८४ मध्ये महादजी शिंद्यांच्या चाकरीत आला. आरंभी त्याच्या हाताखाली दोनच पलटणी होत्या. १७९० मधील पाटण व मेडता येथील विजयांच्या काळात या फौजेचा विस्तार झाला आणि दहा पलटणींचा एक, असे कंपू उभे राहू लागले. १७९३ पर्यंत त्यांची संख्या तीन झाली. कंपूत बंदूक व संगीन वापरणारे तिलंगे आणि तोड्याच्या बंदुका बाळगणारे नजीब अशा दोन प्रकारच्या पलटणी असत. प्रत्येक पलटणीस तोफा जोडलेल्या असत, शिवाय कंपूस स्वतःचे घोडदळही असे. आगऱ्यास तोफा ओतल्या जात. सारांश, पायदळ, तोफखाना व स्वार एका हुकमतीखाली कायम बांधलेला असा हा सुमारे आठ हजारांचा स्वयंपूर्ण घटक होता. युरोपात ज्याला ‘डिव्हिजन’ म्हणतात, त्या संघटनेला फ्रान्समध्ये स्थिर रूप आले तेही याच दशकात. तेव्हा कंपू म्हणजे जुनाट युरोपीय कवायतीची उसनी नक्कल, हे म्हणणे कालगणनेलाच धरून नाही.

आता कसोटी पाहू. असईस दहा-अकरा हजार कवायती पायदळ पोलमन नामक हॅनोव्हरी अधिकाऱ्याच्या हाताखाली होते. वेलस्लीने अनपेक्षित बाजूने नदी ओलांडली, तेव्हा या पायदळाने शत्रूच्या डोळ्यांदेखत आपली संपूर्ण फळी काटकोनात फिरविली. असे वळण अर्धशिक्षित फौजेला साधत नाही. गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे सरकताच त्यांनी मागून त्यांच्यावर तोफा फिरविल्या. कंपनीची मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे १,६०० माणसे खर्ची पडली. उत्तरेत १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीस शिंद्यांच्या पलटणी युरोपीय अधिकाऱ्यांवाचून लढल्या, तरी सेनापती लेक याला त्यांच्या शौर्याची मुक्तकंठाने कबुली द्यावी लागली. उलट आडगावास तोफांचा मारा सुरू होताच कंपनीच्याच तीन शिपाई पलटणी मागे फिरल्या व वेलस्लीला स्वतः पुढे होऊन त्यांना आवरावे लागले. म्हणजे शिपाई दोन्हीकडचा सारखाच होता. दोष शिपायात नव्हता, कवायतीतही नव्हता.

मग गनिमी काव्याने काम झाले असते काय? मन्रो-वेलस्लींचा अभिप्राय उद्धृत करणारे १८०० सालची एक घटना विसरतात. त्या वर्षी याच वेलस्लीने धोंडजी वाघाच्या चपळ फौजेचा महिनोन्‌महिने पाठलाग करून १० सप्टेंबर रोजी त्याला गाठून ठार केले. बैलांचा चांगला तांडा आणि नियमित रसद हाती असेल, तर हलक्या फौजेला दमविता येते, हे कंपनीला तेव्हाच कळले होते. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांनी मॉन्सनची दुर्दशा केली हे खरे. पण त्याच वर्षी फर्रुखाबादेस त्यांच्या घोडदळावर लेकने अवचित घाला घातला, हेही तितकेच खरे. घोडा की पायदळ, हा प्रश्नच मुळी चुकीच्या जागी विचारला गेला आहे.

सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ मधील आपल्या ग्रंथात मराठी सैन्याचे राष्ट्रीय स्वरूप लोपल्याकडे बोट दाखविले. हा विचार अधिक खोल आहे, परंतु ‘परका’ या शब्दात त्यातून दोन गोष्टी मिसळण्याची भीती राहते. शिपाई परमुलखी असणे निराळे आणि अधिकारी करारापुरता बांधलेला असणे निराळे. कंपनीचा शिपाईही परमुलखीच होता. शिंद्यांकडे मात्र युद्धाचा जाहीरनामा निघताच अनेक इंग्रज अधिकारी नोकरी सोडून गेले. खुद्द मुख्य सेनापती पेराँ सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या आश्रयास गेला. असईस दौलतराव शिंदे व दुसरे रघूजी भोसले यांचे अफाट घोडदळ जवळच असून पायदळाच्या मदतीस आले नाही. कंपू अंतर्यामी एकसंध होता. पण कंपू, सरदारांचे स्वार आणि दोन राजे यांना एकत्र चालविणारी सत्ता त्याच्या डोक्यावर नव्हती.

रँडॉल्फ कूपर यांनी २००३ च्या ग्रंथात या युद्धाचा विचार लष्करी अर्थव्यवस्थेच्या ताब्यासाठी झालेला झगडा म्हणून केला, ही दिशा योग्य वाटते. मात्र तिला वऱ्हाडच्या इतिहासाची जोड दिल्यावाचून ती पुरी होत नाही. डी बॉयनच्या कंपूंचा पगार वेळेवर होई, कारण त्यासाठी दुआबातील मुलूख जायदाद म्हणून तोडून दिलेला होता. पण ही जायदाद सेनापतीच्या हाती होती. पेराँच्या काळी तो तेथला जवळजवळ राजाच झाला. त्याने पाठ फिरविताच पगार, मुलूख व फौज ही तिन्ही एकदम ढासळली.

आता दुसरी बाजू पाहू. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेला. पुढे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या पगाराची बाकी तुंबली, आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांनी त्या खर्चापोटी आपल्या ताब्यात घेतला. १९०२ मध्ये वार्षिक २५ लक्ष रुपयांवर तो कायमचा पट्ट्याने घेतला गेला. पुढील वर्षीच्या पुनर्रचनेत कंटिंजंटच्या एका पलटणीस ‘९६ वी बेरार इन्फंट्री’ हे नाव मिळाले. म्हणजे इंग्रजांनीही पायदळासाठी मुलूखच तोडून घेतला. फरक एवढाच की, तो एखाद्या सेनापतीच्या हाती न देता सरकारच्या खाती जमा केला. सेनापती बदलले, तरी खाते टिकले.

माझ्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर येथे आहे. कंपूचा दोष कवायतीत नव्हता, तो पगाराच्या व निष्ठेच्या मालकीत होता. महादजींनी युरोपातील नव्यात नवी सैन्यरचना उचलली. तिला पोसणारी राज्यरचना उभी राहण्यापूर्वीच १७९४ मध्ये ते निवर्तले. तेव्हा या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी केवळ रणांगणांचे आराखडे न काढता महसुली कागदांकडे लक्ष द्यावे. कोणत्या गावचा वसूल कोणत्या वर्षी कोणत्या फौजेकडे गेला, हे पिंपळगाव राजासारख्या गावांच्या बाबतीत ठरविता आले, तर असईचा निकाल लढाईपूर्वीच कितपत लागलेला होता, याचा निवाडा अधिक भरवशाने करता येईल.