नव्या उपासनेची जुनी सनद

जेराल्ड गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक १९५४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी तीनच वर्षे, १९५१ मध्ये, ब्रिटनने १७३५ चा चेटूकविषयक कायदा रद्द केला होता. मलायातील जकातखात्यात नोकरी करून परतलेल्या या गृहस्थांचे प्रतिपादन असे की, ख्रिस्तपूर्व काळातील देवी आणि शृंगधारी देव यांची उपासना गुप्तपणे टिकून राहिली असून, तिचे उपासक आपणांस प्रत्यक्ष भेटले आहेत. आज ‘विक्का’ या नावाने ओळखला जाणारा पंथ बव्हंशी गार्डनर यांच्याच कार्यातून वाढला. म्हणून या पुस्तकाची परीक्षा अगत्याची आहे.

वकिली पेशातील माणूस प्रथम सनद पाहावयास मागतो. येथे ती मार्गारेट मरे यांच्या १९२१ च्या ग्रंथातील सिद्धांताची आहे. प्रस्तुत पुस्तकाची प्रस्तावनाही त्यांचीच. परंतु चेटकाच्या खटल्यांतील कबुलीजबाबांतून मरेबाईंनी सोयीचा तेवढाच भाग उचलला, हे इतिहाससंशोधकांनी दाखवून दिले आहे. रोनल्ड हटन यांच्या १९९९ सालच्या साधार विवेचनानंतर अखंड परंपरेचा दावा टिकत नाही. पंथाच्या विधींत फ्रीमेसन मंडळींच्या संस्कारांची छाया आणि अ‍ॅलिस्टर क्राउली यांची वचने आढळतात. डोरीन व्हॅलिएंट यांनी त्यांतील पुष्कळशी वचने पुढे गाळून नवी रचना केली.

मग हा सारा बनावच म्हणावा काय? तसा निकाल घाईचा होईल. १९८६ साली अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने, एका बंदिवानाच्या दाव्यात, विक्का हा धर्म आहे असे मान्य केले. सुरक्षिततेच्या कारणास्तव त्याला मागितलेले पूजासाहित्य मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी. परंतु श्रद्धा अपरिचित वाटते एवढ्यावरून तिचे संरक्षण हिरावता येत नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले. ऋतुचक्राविषयीचा आदर, देवीला दिलेले मानाचे स्थान आणि कोणासही इजा न करण्याचा दंडक, या गोष्टी जगदंबेच्या उपासकांस परक्या वाटू नयेत.

गार्डनर यांचा दोष नवी उपासना मांडण्यात नाही; ती जुनी असल्याचे भासविण्यात आहे. आपणही यातून मुक्त नाही. देवस्थानांच्या मानपानाचे दावे चालविताना मी अनेकदा पाहिले आहे, की कागद जुना ठरविण्याच्या आटापिट्यात गाभाऱ्यातील सांजवातीची आठवण कोणालाच राहत नाही.