साथीला बसलेला संगणक

व्हिडिओ गेममधल्या संगीताला घरातली मोठी माणसे ‘ती पिंपिं बंद कर’ यापलीकडे फारशी दाद देत नाहीत. या संगीताचे चाहते नेमके उलट टोक गाठतात. मोठमोठे वाद्यवृंद ते मैफलीत वाजवतात, तेव्हा ते थोरच असणार, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला या दोन्ही कसोट्या अपुऱ्या वाटतात. खेळाच्या संगीताची परीक्षा खेळतानाच व्हायला हवी. खेळणाऱ्याला ते काय कळवते आणि जे कळवते ते खरे असते का, एवढेच पाहायचे.

‘स्पेस इन्व्हेडर्स’पासून सुरुवात करू. जपानच्या टायटो कंपनीने १९७८ साली आणलेला हा खेळ तोमोहिरो निशिकादो यांनी रचला. पडद्यावर परग्रहवासीयांच्या ५ रांगा, प्रत्येकीत ११, अशा ५५ आकृत्या. त्या डावी-उजवीकडे सरकत हळूहळू खाली उतरतात आणि आपण खालून नेम धरायचा. यातले संगीत म्हणजे खर्जातले उतरते चार स्वर, पुन्हा पुन्हा. बस्स.

पण गंमत पुढे आहे. या यंत्रातला प्रोसेसर सेकंदाच्या साठाव्या भागात एकच आकृती हलवी. त्यामुळे ५५ आकृत्यांची सगळी फौज एक पाऊल सरकायला जवळजवळ एक सेकंद लागे. निम्म्या टिपल्या की अर्धा सेकंद. शेवटची एकटी उरली की ती सेकंदाला साठ पावले टाकी! शत्रू जितके कमी तितके चपळ. ही खरे तर यंत्राची मर्यादा, पण निशिकादो यांनी ती काढून न टाकता खेळातच ठेवून घेतली. त्या चार स्वरांची लयही उरलेल्या शत्रूंच्या संख्येनुसार वाढत जाते. विलंबितात सुरू झालेला ठेका बघता बघता द्रुतात जातो आणि खेळणाऱ्याचा हात घाई करू लागतो. किती शत्रू उरले हे त्याने मोजलेले नसते. डोळे नेमाकडे गुंतलेले असताना हिशेब कानाने ठेवलेला असतो. कानाला कुठल्या दिशेला वळावे लागत नाही, आणि आवाजाला आपण देतो ती प्रतिक्रिया प्रकाशाला दिलेल्या प्रतिक्रियेपेक्षा थोडी लवकरच येते. चार स्वरांत एवढे काम करणारी रचना आम्ही नंतरच्या कित्येक भरजरी रचनांच्या वर ठेवू.

१९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आपल्याकडे १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायच्या खेळांच्या कॅसेटमधून घरोघर पोचला. त्याचे संगीतकार कोजी कोंडो. त्यांच्या हाताशी वादक किती, तर चार: दोन चौकोनी तरंगांचे आवाज, एक त्रिकोणी तरंगाचा आणि एक नुसता खरखराट. शिक्षकांनी हे फळ्यावर काढून दाखवावे असे आहे. समान चढ-उताराच्या चौकोनी तरंगात मूळ स्वराबरोबर त्याच्या ३, ५, ७ अशा विषम पटींचे स्वर असतात आणि त्यांची मात्रा १/३, १/५, १/७ अशी घटते. म्हणून तो आवाज टोकदार, कानात घुसणारा. त्रिकोणी तरंगातही पटी त्याच, पण मात्रा १/९, १/२५, १/४९ अशी झपाट्याने उतरते, म्हणून तो मऊ. कोंडोंनी खालचे स्वर त्याला दिले, तालाचे काम खरखराटाला.

यात आणखी एक अडचण होती. उडी, नाणे, फुटलेली वीट यांचे आवाजही याच चौघांना काढावे लागत. मारिओने उडी मारली की एक वादक चाल सोडून ‘उडी’ वाजवायला धावतो. तेवढा वेळ त्याची ओळ गायब होते, पण बहुतेकांच्या ते ध्यानातही येत नाही. मधला तुटलेला धागा आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. आणि हे संगीत खोटे बोलत नाही. चांदणी मिळाल्यावर जी वेगळी चाल लागते, ती चालू आहे तोवर शत्रूच्या स्पर्शाने मारिओला इजा होत नाही. घड्याळ १०० च्या खाली गेले की एक इशारा वाजतो आणि चाल भराभर धावू लागते. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत ही चाल घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

चित्रपटाचे संगीत ठरलेल्या लांबीचे असते. खेळात मात्र कोण कधी थांबेल, कधी पळेल याचा नेम नाही. हे काम साथीचे आहे. कीर्तनातला तबलजी बुवांच्या तोंडाकडे बघत असतो, बुवा अभंगातून गोष्टीत शिरले की हात आवरतो, तसे. संगणकाला ही विद्या शिकवण्याचा मोठा प्रयत्न लुकासआर्ट्स कंपनीत मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी केला. १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’ मध्ये पात्र एका जागेतून दुसरीकडे गेले की चाल मध्येच तुटत नाही. योग्य मात्रेची वाट पाहून ती दुसऱ्या चालीत वळते.

यानंतर ध्वनिमुद्रित संगीत आले, खरी व्हायोलिने आली, आणि आमच्या मते साथ थोडी मागे पडली. पुष्कळ खेळांत लढाईचे नगारे शत्रू दिसण्याआधीच वाजू लागतात आणि तो पडल्यावरही काही वेळ वाजत राहतात. याउलट २००५ च्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये माळरानावरून घोडा दौडत असताना बहुतेक वेळ फक्त वारा आणि टापा ऐकू येतात. संगीत महाकाय प्राण्याशी गाठ पडण्यासाठी राखून ठेवलेले. कधी गप्प बसावे हे चांगल्या साथीदाराला कळते.

आता खोटे बोलणारे संगीत. जुगाराच्या यंत्रात वीस रुपये लावून पाच परत आले, म्हणजे पंधरा गेले, तरी अनेक यंत्रे जिंकल्याची धून वाजवतात. डोळ्यांपुढचा हिशेब एक, कानावरचा दुसरा, आणि कान वरचढ ठरतो. फोनवरच्या अनेक फुकट खेळांनी हाच झणझणाट उचलला आहे. मुलांनी खेळू नये असे सरसकट सांगण्यापेक्षा ‘आत्ता धून वाजली तेव्हा तुझे नेमके काय वाढले?’ हा प्रश्न आम्हांला अधिक उपयोगी वाटतो.

वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. मारिओच्या पहिल्या टप्प्यात घड्याळ ४०० वरून उतरते, पण त्याचा एक आकडा म्हणजे ०.४ सेकंद, त्यामुळे १०० उरले म्हणजे हातात ४० सेकंद. मुलांचे दोन गट करावेत. एकाने आधी आवाजासह खेळावे आणि मग आवाजाविना, दुसऱ्याने उलट. नाहीतर सरावाने होणारी सुधारणा आपण आवाजाच्या खाती टाकू. सगळ्यांनी रमतगमत खेळावे, म्हणजे घड्याळ तिथवर उतरेल. ते १०० च्या आत आल्याचे ज्या क्षणी ध्यानात येईल त्या क्षणी मुलाने हात वर करायचा, आणि शेजाऱ्याने पडद्यावरचा आकडा वहीत टिपायचा.