खांदेरीची रसद

खांदेरीच्या लढाईवर मराठीत जे लिहिले गेले, त्यातले बरेचसे १८ ऑक्टोबर १६७९ या एका सकाळीभोवती फिरते. दौलतखानाची गलबते नागावकडून आली, इंग्रजांचे ‘डव्ह’ पाडाव झाले, मिंचिन आणि केग्विन यांच्या ‘रिव्हेंज’ने एकटीने मारा करून मराठी आरमार मागे रेटले. मग आमचे लेखक हरल्या-जिंकल्याचा हिशेब मांडतात. मला हा हिशेबच चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. त्या दिवशी ‘रिव्हेंज’ जिंकली असे धरले, तरी जानेवारी १६८० मध्ये इंग्रज बेट न घेताच का परतले? मुंबईवर येऊ पाहणाऱ्या फौजेची धास्ती आणि सुरतकरांची काटकसर ही कारणे खरीच. पण बेट उपाशी पडले असते तर त्यांची गरजच उरली नसती.

मायनाक भंडारी ऑगस्टअखेर सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन उतरला, तेव्हा तिथे तटही नव्हता. खाणे, दारूगोळा, माणसे, सारे समोरच्या किनाऱ्यावरून यायचे. १९३१ साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने छापलेल्या इंग्रजी पत्रांत याची कुरकुर आहे: होड्या रात्री निसटतात, आपल्या जहाजांना सापडत नाहीत. वारा पडला की शिडाचे जड जहाज जागीच. वल्ह्यांची होडी उथळ पाण्यातून पुढे. माल्टाला १९४२ च्या ऑगस्टमध्ये प्रचंड आरमाराच्या संरक्षणात १४ मालवाहू जहाजे निघाली, पोचली ५. इथे मारा करावा असा ताफाच नव्हता.

मी लांज्याचा, आमच्या तालुक्याला समुद्र नाही. पण आगोटीआधी तांदूळ, मीठ, सुकी मासळी, सरपण भरण्याची घाई ज्याने घरात पाहिली, त्याला दीडशे तोंडांचा प्रश्न तोफांआधी सुचतो. आमच्या इतिहासलेखनाला तो सहसा सुचत नाही. सभासद आरमारातल्या जहाजांचे प्रकार मोजून सांगतो. मायनाकाचे नावही राहिले. रात्री वल्हे मारणाऱ्यांचे एकही नाही.

जुलै २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीत गेली. त्यानिमित्त हाती आलेल्या लेखांत पुन्हा तट, तोफा आणि ‘रिव्हेंज’. थळच्या पुळणीवर होड्या कशा भरल्या जात असतील, हे अजून शत्रूच्या तक्रारी उलट्या बाजूने वाचूनच काढावे लागते.