लॉक यांचे नैसर्गिक हक्क आणि अग्गञ्ञसुत्त

राज्यसत्ता ही राजाला ईश्वराकडून मिळालेली देणगी नसून ती लोकांच्या संमतीतून निर्माण होते, हा विचार जॉन लॉक यांनी १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या राज्यशासनविषयक ग्रंथात मांडला. युरोपीय प्रबोधनयुगाचा तो एक पायाच होय. पुढे याच परंपरेतील थॉमस पेन यांच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ने महात्मा जोतीराव फुले यांना प्रेरणा दिली. हे ऋण आम्हांस मान्य आहे. परंतु ऋण मानणे म्हणजे चिकित्सा सोडणे नव्हे.

लॉक यांच्या मते मनुष्य आपला श्रम निसर्गात मिसळतो, म्हणून वस्तू त्याची होते आणि या मालमत्तेच्या रक्षणासाठीच शासन असते. पण त्यांच्याच उदाहरणात नोकराने कापलेले गवत-मातीचे ढेपूळ मालकाचे ठरते! श्रम एकाचा आणि हक्क दुसऱ्याचा, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. १६६९ च्या कॅरोलिना वसाहतीच्या घटनेने काळ्या गुलामांवर मालकांना संपूर्ण अधिकार दिला; त्या मसुद्याच्या कामात लॉक सहभागी होते. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीतही त्यांचे पैसे गुंतलेले होते. ‘सर्व माणसे’ या शब्दांत कोण बसतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

आता दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्त पाहू. ब्राह्मण कुळातून संघात आलेल्या वासेट्ठ व भारद्वाज यांना तथागत सांगतात, की आपोआप उगवणाऱ्या साळीचा कोणी आळसाने साठा केला, मग इतरांनीही केला. पीक घटले, शेतांना हद्दी पडल्या. त्यातून चोरी, असत्य व दंड जन्मले. तेव्हा लोकांनी आपल्यातून एकाची निवड करून त्याला साळीचा वाटा देऊ केला. तोच महासंमत. वर्णही येथे ब्रह्म्याच्या अवयवांतून येत नाहीत, ते माणसांच्या व्यवहारातून येतात.

संमतीचा धागा दोहोंत समान आहे. मनुष्यस्वभावाचे निदान मात्र भिन्न आहे. लॉक मालमत्तेला हक्क मानून आरंभ करतात. सुत्त तिच्या मुळाशी असलेली तृष्णा दाखविते. तथापि अन्यायी शासन उलथून टाकण्याचा जो स्पष्ट अधिकार लॉक लोकांना देतात, तो या सुत्तात नाही. ‘सारे आमच्या तिपिटकात होतेच’ असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. अशा घाईने धम्माचा गौरव होत नाही.

३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वत्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर भगवान बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतल्याचे सांगितले. त्यात त्यांनी बंधुतेला सर्वोच्च स्थान दिले, कारण केवळ कायदा स्वातंत्र्य व समता राखू शकेल यावर त्यांचा भरवसा नव्हता. लॉक यांच्या चरित्रातून हेच सिद्ध होते. हक्कांची भाषा कितीही उदात्त असो, शेजारच्या माणसाला माणूस मानणारी मैत्री नसेल, तर त्या हक्कांच्या यादीतून कोणीतरी वगळला जातोच. वगळले जाणे म्हणजे काय, हे आपण जाणतो. म्हणूनच हक्क आणि मैत्री या दोहोंची राखण ही आपली जबाबदारी आहे.